रेघ हिरवी होईपर्यंत

डोहाळजेवणाची साडी हिरवी घ्यायची की पोपटी, यावर फोनवर चर्चा चालली होती. मधेच विहीणबाई म्हणाल्या, "वृषालीताई, तुमची रेघ आजही लालच दिसतेय हं." दाताला पालक अडकलाय हे जसं हळूच सांगावं, तशा आवाजात म्हणाल्या. वृषालीचे कान तापले. "बघते," एवढंच ती बोलली. साडीचं काय ठरलं ते तिच्या लक्षातही राहिलं नाही.

रेघ म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही, पण तेव्हा ते नवं होतं. दंडाच्या कातडीखाली तांदळाएवढा एक दाणा बसवत, ज्याचं जे औषध त्याप्रमाणे. वृषालीचा दाणा शरीरातलं थायरॉइडचं संप्रेरक किती आहे ते दिवसभर मोजायचा आणि फोनवर रेघ काढायचा. रेघेची एकूण उंची हळूहळू, कित्येक आठवड्यांनी बदलते. पण सकाळची गोळी आतड्यातून रक्तात उतरली की त्याच दिवशी रेघेला छोटासा उंचवटा येतो. उंचवटा दिसला की रेघ हिरवी. नाही दिसला की लाल, आणि खाली एक वाक्य यायचं: 'आजची गोळी घेतलेली नाही.' खरं तर दाण्याला एवढंच कळत होतं की गोळी रक्तात उतरलेली नाही. मोजत होता रक्त आणि लिहीत होता माणसाबद्दल. बनवणाऱ्यांना हा फरक किरकोळ वाटला असावा.

ही रेघ वृषालीपुरती असती तरी चाललं असतं. पण तिची मुलगी रेवा पुण्यात होती, तिला सातवा लागत होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, फलटणला व्हायचं होतं. तिनं नाव घातलेल्या रुग्णालयाचा नियम असा, की मुलगी ज्या घरी जाणार त्या घरात ज्यांना औषध चालू आहे त्या सगळ्यांचे दाणे जोडायचे. जे स्वतःची गोळी वेळेवर घेत नाहीत ते बाळाचं काय वेळेवर करणार, हा त्यामागचा विचार. लाल रेघेच्या घराला 'बाळंतघर' म्हणून मान्यता नाही. दाणे जोडले की रेघ सगळ्या गोतावळ्याला दिसायची. रेवाला, जावयाला आणि अर्थातच विहीणबाईंना, म्हणजे नीलिमाताईंना. त्यांचं घर मोठं, बाईमाणसं मदतीला, सगळ्यांच्या रेघा हिरव्यागार. "इकडेच राहिली तर आम्हालाही आनंदच आहे," असं त्या अधूनमधून म्हणत.

फलटणच्या घरात दोनच माणसं होती. वृषाली आणि तिचे सासरे अप्पा. वृषालीचा नवरा जयसिंग अपघातात गेला, तेव्हापासून ही दोघं एकमेकांना धरून होती. अप्पा चुन्यातले जुने जाणकार. भट्टीत चुनखडी भाजण्यापासून दगडी चाकाच्या घाणीवर चुना मळण्यापर्यंत सगळं त्यांनी केलेलं. किल्ल्यांच्या, देवळांच्या दुरुस्तीला त्यांना लांबून बोलावणं यायचं. आता हात थकले होते. तरी परसात पपईच्या झाडाखाली त्यांचा एक रांजण होता, आणि त्यात पाण्याखाली चुना मुरत पडलेला असे. जन्मात कधी स्वतःचा पेला विसळला नव्हता अशा या माणसानं मुलगा गेल्यावर एक काम आपणहून अंगावर घेतलं होतं. पहाटे सुनेच्या आधी उठायचं आणि तिच्या उशाशी पाण्याचा पेला झाकून ठेवायचा. याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. पेला असायचा आणि ती प्यायची, बस.

वृषाली वैधमापन खात्यात निरीक्षक होती. तालुक्यातले तराजू, मापं, पंप तपासायचे. हातात प्रमाणित वजनांची पेटी, चेहऱ्यावर हसू नाही. बाजारात तिला पाहून दुकानदार तागडी पुसायला लागत. "मॅडम, शपथ घेतो, मी काही केलेलं नाही," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." हे वाक्य रेवानं लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ती भातुकलीतही तेच म्हणायची.

आणि मग ही निरीक्षकबाई भर दुपारी गुळाच्या अडतीत तपासणी करता करता बसल्या जागी झोपली. अंग जड, केस गळतायत, उन्हाळ्यात पायमोजे, जिभेला कशाची चव नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइडची गोळी सुरू केली. हाडं ठिसूळ आणि रक्तही कमी, म्हणून जोडीला कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या. या तिघींचं मात्र एकमेकींशी पटत नाही, असं त्यांनी बजावलं. कॅल्शियम किंवा लोह थायरॉइडच्या गोळीबरोबर पोटात गेलं, तर ते तिला आतड्यातच धरून ठेवतं. रक्तात उतरूच देत नाही. ती आल्या वाटेनं निघून जाते. म्हणून थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा नंतर सावकाश. बाकीच्या गोळ्या निदान चार तासांनी. अप्पा तेव्हा सोबत होते. त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, हाडं ठिसूळ म्हणजे चुना कमी का? डॉक्टर हसून म्हणाले होते, तसंच समजा.

वृषालीनं नियम काटेकोर पाळले. पहाटे उशाशी ठेवलेल्या पाण्याबरोबर गोळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री. चहासाठी जीव कासावीस व्हायचा, तरी थांबायची. आणि रेघ लाल आली. दुसऱ्या दिवशी लाल. पुढच्या आठवड्यातही लालच.

रेवाचा फोन आला तो सरळ प्रश्न घेऊनच. गोळी घेतेस ना? वृषाली म्हणाली, रोज घेते.

"मग काय, दाणा खोटं बोलतो?" रेवानं विचारलं.

वृषालीला तोंडात मारल्यासारखं झालं. गुळाच्या अडतीतला एक म्हातारा व्यापारी तिला आठवला. हात जोडून उभा होता, काट्यात काय झालंय मलाच कळत नाही म्हणत होता, आणि तिनं मान वर करूनही न बघता त्याच्या काट्याला सील ठोकलं होतं.

डॉक्टरांनी मात्रा वाढवली. रेघ लालच राहिली. शेवटी नीलिमाताईंनीच तोडगा सुचवला, अगदी मायेनं. रोज सकाळी गोळी घेताना व्हिडिओ करून घरच्या गटावर टाका, म्हणजे कुणाच्या मनात किंतू नको. वृषालीनं तेही केलं. केस विंचरून, पदर सारखा करून ती फोनसमोर बसायची. गोळी जिभेवर ठेवायची, पाणी प्यायची आणि तोंड उघडून दाखवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी रेवाचा निरोप आला, 'आई, जीभ वर उचलून दाखव ना. आत्या म्हणतात काही जण खाली दाबून ठेवतात.' ती सासूला आत्या म्हणायची.

वृषालीनं जीभ वर उचलून दाखवली. खात्यात ज्येष्ठ निरीक्षक, वय पन्नाशीच्या घरात, आणि लेकीसमोर, जावयासमोर, व्याह्यांसमोर जीभ वर करून बसलेली. व्हिडिओ पाठवल्यावर तिनं फोन उशीखाली सारला आणि अप्पांना दिसू नये म्हणून न्हाणीघरात जाऊन रडली. त्या दिवशीही रेघ लाल आली. आता तर ती गोळी नंतर ओकून टाकते की काय, अशी कुजबूज सुरू झाली असणार, हे तिला न ऐकताच कळलं. लाज अशी गोष्ट आहे की ती वाटायला गुन्हा करावाच लागतो असं नाही. ती स्वतःकडेही संशयानं बघू लागली. खरंच गिळली ना आपण? रिकामं पाकीट कचऱ्यातून काढून पुन्हा बघायची.

मग एका सकाळी तिनं व्हिडिओ बंद केल्यावर आणखी एक गोळी घेतली.

ठरवून केलं असं नाही. हात पाकिटाकडे गेला, एवढंच. पण दुपारी फोनवर हिरवी रेघ उमटली आणि तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. पुन्हा हिरवी. गटावर टाळ्यांची, फुलांची चित्रं आली. 'बघ, मनावर घेतलंस की जमतं,' असं रेवानं लिहिलं. नीलिमाताईंनी मोठ्या मनानं व्हिडिओ माफ केले. इतके दिवस खरं सांगून पदरी संशय आला होता, आणि आता खोटेपणा केल्यावर शाबासकी मिळत होती. ती शाबासकी वाचताना वृषालीला जीभ दाखवतानाही वाटली नव्हती एवढी लाज वाटली. तरी दुसरी गोळी सुटेना. रेवा येणार होती ना.

अप्पाही खूश होते. रेघ हिरवी झाल्याचं कळल्यावर ते नुसते मिशीत हसले आणि म्हणाले, "आता कसं!" त्यांच्या हसण्यात आपलं काहीतरी साधल्याचा आनंद होता. तो कशाचा, हे तिला तेव्हा कळलं नाही.

रेवाची खोली रंगवून झाली. पाळणा माळ्यावरून खाली आला. मधल्या काळात अप्पांच्या वाईच्या बहिणीकडे नातवाचं लग्न निघालं आणि अप्पा तिकडे गेले. बहिणीनं आग्रह केला म्हणून लग्नानंतरही राहिले. वृषाली आपलं पाणी आपण नळावरून घेऊ लागली. गोळ्या मात्र दोनच.

काही आठवडे बरे गेले. मग छाती धडधडायला लागली. जिना चढून आल्यासारखा श्वास, रात्री झोप नाही, तळहात ओले. एका पेढीवर ती प्रमाणित वजनं काट्यावर ठेवत होती आणि हात इतका थरथरला की पितळी वजन निसटून फरशीवर पडलं. दुकानदार तिच्याकडे बघत राहिला. त्याच संध्याकाळी रेघ हिरवीची जांभळी झाली आणि खाली वाक्य आलं: 'ठरलेल्यापेक्षा जास्त मात्रा घेतली जात आहे.'

या वेळी दाणा खरं बोलत होता.

रेवाचा फोन आला तेव्हा वृषालीनं काही लपवलं नाही. दोन घेत होते, तू यावीस म्हणून घेत होते, असं सांगून टाकलं. रेवा म्हणाली, "आई, आधी घेत नव्हतीस, नंतर दुप्पट घेतलीस. मी बाळाला घेऊन कुणाच्या भरवशावर येऊ?"

आधीही घेत होते, हे वृषालीच्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. आता ते कोण ऐकणार? तिनं पाळणा चादरीनं झाकला आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

डॉक्टर रागावले. मात्रा पार सुरुवातीला होती तेवढी खाली आणली आणि मोजून एकच गोळी घ्यायला सांगितली. वृषालीनं घेतली. धडधड हळूहळू ओसरली. जांभळी रेघ खाली आली आणि हिरवी झाली. ती हिरवीच राहू लागली. तीच गोळी, तीच मात्रा, पूर्वी रोज लाल दाखवणारी. तेव्हा पहिल्यांदा वृषालीमधली निरीक्षक जागी झाली.

काटा चुकतोय की माल कमी आहे हे शोधायची त्यांच्या कामात एक साधी रीत असते. सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. गोळी तीच होती, दाणा तोच होता, नळही तोच. मग घरात बदललं होतं काय? अप्पा नव्हते, एवढंच.

हा विचार मनात आल्याचीच तिला इतकी शरम वाटली, की तिनं तो झटकून टाकला. चार दिवसांनी अप्पा वाईहून परतले. कंदी पेढे आणले होते. दुसऱ्या पहाटे उशाशी पेला होता. तिनं तो घेतला, गोळी घेतली. रेघ लाल. पुढच्या पहाटे तिनं पेल्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि नळाचं प्यायली. रेघ हिरवी. पेल्याच्या बुडाशी एक पांढरट थर होता. अप्पा वाईला जाण्याआधी कित्येक आठवडे ती तो क्षाराच्या पाण्याचा डाग समजून लिंबानं घासत आली होती.

रेवा सहावी-सातवीत असताना अप्पांनी तिला शाळेसाठी एक प्रयोग करून दिला होता. चुना मुरल्यावर त्याच्यावर जे नितळ पाणी उरतं ती निवळी. दिसायला साध्या पाण्यासारखी. पपईच्या पानाचा पोकळ देठ तिच्यात बुडवून फुंकर मारली, की श्वासातल्या वायूनं ती दुधासारखी पांढरी होते. वृषालीनं तिसऱ्या पहाटेचा पेला उचलला, परसात गेली, पपईचा देठ तोडला आणि पेल्यात फुंकत राहिली. कशानं काही होऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. पाणी ढगाळलं आणि मग पांढरं झालं.

ती वळली तर अप्पा दारात उभे होते. त्यांना काही विचारावं लागलं नाही. तेच सांगू लागले, आणि सुरुवातीला तर कौतुकानं. डॉक्टरनं चुना कमी म्हणून सांगितलं होतं. त्या पावडरीच्या गोळ्यांत कसला जीव असणार? त्यांच्या आईनं सगळी पोरं निवळीवर वाढवली, एकाचं हाड मोडलं नाही. औषधं लांब लांब घ्यायची हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं, पण निवळी काय औषध असते? घरातलं पाणीच ते. रेघ हिरवी झाली तेव्हा त्यांना वाटलं, निवळी लागू पडली. वृषालीच्या जिभेला आजारानं चव नव्हती, म्हणून तिला कधी कळलं नव्हतं.

"रेवाच्या बाळालाबी थेंब थेंब देऊ म्हनलं हुतं," अप्पा म्हणाले. आणि मग सुनेचा चेहरा बघून त्यांचा आवाज बसला. तिनं त्यांना बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. चुना आणि डॉक्टरांचं कॅल्शियम एकच. ते गोळीला धरून ठेवतं. बाळाला तर पाण्याचा थेंबही बाहेरचा नको. अप्पा ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, "म्हंजे तू जीभ काढून दावत हुतीस, ती माझ्यापायी?"

त्यांनी ते पाहिलं होतं. वृषालीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

दाण्याच्या पानावर कारण लिहायची सोय होती. खरं लिहिलं असतं तर तिच्यावरचा निम्मा डाग धुऊन निघाला असता. पण 'घरातील व्यक्ती न सांगता पदार्थ मिसळते' अशी नोंद झाली की ते घर कायमचं लाल व्हायचं, आणि अप्पांना पणतवंडाच्या जवळही कुणी फिरकू दिलं नसतं. नीलिमाताईंनी ते किती मायेनं सांगितलं असतं, याची तिला पूर्ण कल्पना होती. अप्पांनी तिला शब्द दिला होता, रांजण आजच रिकामा करतो म्हणून. बाळाला धोका उरला नव्हता. उरली होती ती नुसती लाज, आणि ती कुणी घ्यायची एवढाच प्रश्न होता. वृषालीला तिची आता सवय झाली होती.

त्याच दिवशी दुपारी तिनं फोन लावला. पडद्यावर रेवा होती, शेजारी नीलिमाताई. अप्पा बाजूला खुर्चीवर बसले होते.

"कारण सापडलं," वृषाली म्हणाली. "मी अप्पांच्या रांजणातली निवळी घेत होते रोज पहाटे. हाडांसाठी. औषध नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. चूक माझीच."

नीलिमाताई हलकंसं हसल्या आणि म्हणाल्या, खात्यात एवढ्या मोठ्या हुद्द्यावर असून असं कसं केलंत हो? वृषालीनं मान खाली घातली. आता एवढं ऐकून झालं की संपलं, असं ती मनाशी म्हणत होती.

तेवढ्यात खुर्ची सरकली. अप्पा फोनसमोर आले.

"खोटं बोलतीया ती," अप्पा म्हणाले.

नीलिमाताईंच्या भुवया वर गेल्या. हे तर त्या कधीचं म्हणत होत्या.

"पयल्यापास्नं खरं सांगत हुती, तवा तुमी ऐकलं न्हाई. आज पयल्यांदा खोटं बोलली, तर लगीच पटलं. निवळी म्या घालत हुतो तिच्या पान्यात. तिला ठावं न्हवतं. आता त्या मशिनीत माझं नाव घाला." एवढं बोलून ते आत गेले. पाठ इतकी वाकलेली वृषालीनं जयसिंग गेला तेव्हाही पाहिली नव्हती.

नीलिमाताई कधी उठून गेल्या ते कळलं नाही. पडद्यावर रेवा एकटीच होती, तोंडावर ओढणी धरून. "आई, मी तुला जीभ..." एवढंच तिला बोलता आलं. मग ती म्हणाली, शनिवारी येते. घर लाल दाखवलं तर दाखवू दे.

अप्पांनी संध्याकाळी रांजण खड्ड्यात उपडा केला. जेवायला नको म्हणाले.

दुसऱ्या पहाटे वृषाली जागी झाली आणि तिनं उशाशी हात नेला. पेला नव्हता. जयसिंग गेल्यानंतर, अप्पा घरी असताना, पहिल्यांदाच नव्हता. ती गोळी तळहातावर घेऊन तशीच बसून राहिली. उठून नळावर जाणं काही अवघड नव्हतं, पण ती गेली नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग दारात अप्पा आले. एका हातात पाण्यानं भरलेला पेला, घासून लखलखीत केलेला, आणि दुसऱ्या हातात पपईचा ताजा देठ.

पेला त्यांनी तिच्यापुढे धरला आणि देठही. तिच्याकडे ते बघत नव्हते.

"आदी फुंकून बघ," ते म्हणाले.

वृषालीनं पेला घेतला. देठ त्यांच्याच हातात राहू दिला. गोळी तोंडात टाकून ती सगळं पाणी एका दमात प्यायली, आणि रिकामा पेला त्यांच्या हातात देत म्हणाली, "अप्पा, उद्याही ठेवा."